ध्यानाने गोळ्या सुटतात का?

डिसेंबर लागला की फॅमिली ग्रुपवर ध्यानाच्या फॉरवर्डचा पूर येतो. आता त्याला अधिकृत निमित्तही आहे. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने डिसेंबर २०२४ मध्ये एकमताने ठराव करून २१ डिसेंबर हा 'जागतिक ध्यान दिन' जाहीर केला. ठराव पुढे आणणाऱ्या देशांत भारताबरोबर नेपाळ, श्रीलंका आणि मेक्सिको होते. नकाशावर शोधावे लागतील असे लिश्टेनस्टाइन आणि अँडोराही होते.

फॉरवर्डमध्ये मात्र भलतंच असतं. 'रोज वीस मिनिटं डोळे मिटून बसा. बीपी, शुगर, थायरॉइड, संधिवात, सगळं मुळापासून जातं', असा एकूण सूर. त्याखाली एखादा भाचा 'पुरावा?' एवढंच लिहितो आणि मग काका त्याला संस्कृती शिकवतात. या भांडणात दवाखान्यात खरोखर विचारला जाणारा प्रश्न मागेच पडतो: ध्यान सुरू केलंय, आता गोळी अर्धी करू का?

गोळी कशाची आहे, त्यावर उत्तर अवलंबून आहे. ध्यानाचा उपयोग होतो, आणि गेल्या काही दशकांत तो बऱ्यापैकी मोजलाही गेलाय. मोजल्यामुळेच त्याची हद्दही कळली आहे. काही तक्रारींत ध्यान गोळीच्या बरोबरीला येतं, काहींत गोळीला हातभार लावतं आणि काहींत त्याचा काडीचाही संबंध नसतो. कोणती तक्रार कुठे बसते, ते बघू.

आधी एक ठरवू: कोणतं ध्यान?

त्राटक, नामजप, विपश्यना, ओंकार, अ‍ॅपवरचं 'गाइडेड मेडिटेशन' या सगळ्याला आपण ध्यानच म्हणतो. ढोबळमानाने यात दोन प्रकार आहेत. एकात लक्ष एका जागी टेकवायचं असतं: श्वासावर, मंत्रावर, दिव्याच्या ज्योतीवर. दुसऱ्यात जे काही मनात आणि शरीरात चाललंय ते ढवळाढवळ न करता बघत राहायचं. शिकवताना बहुतेक ठिकाणी पहिल्यापासून सुरुवात होते आणि मग दुसऱ्याकडे जातात. इगतपुरीच्या दहा दिवसांच्या विपश्यना शिबिरातही हाच क्रम असतो, आधी आनापान म्हणजे श्वासावर लक्ष, आणि मग विपश्यना. ही शिबिरं सुरू करणारे सत्यनारायण गोयंका हे ब्रह्मदेशात जन्मलेले व्यापारी. डोकेदुखी हटेना म्हणून ते ध्यानाकडे वळले, १९६९ मध्ये भारतात येऊन शिबिरं घेऊ लागले, आणि १९७६ पासून इगतपुरीचं धम्मगिरी हे त्यांचं मुख्य केंद्र झालं.

त्याच सुमारास अमेरिकेत एक वेगळीच गोष्ट घडत होती. १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात जॉन कबात-झिन यांनी जुनाट दुखण्यांचे रुग्ण गोळा केले. डॉक्टरांनी करण्यासारखं करून झालं होतं आणि दुखणं तरीही उरलं होतं, असे हे लोक. कबात-झिन यांनी बौद्ध ध्यानपद्धतीतला धार्मिक भाग बाजूला ठेवून आठ आठवड्यांचा अभ्यासक्रम बसवला. आठवड्यातून एकदा अडीच तासांचा वर्ग, मध्ये एक दिवसभराचं सत्र, आणि घरी रोज पाऊण तास सराव. आज वर्तमानपत्रांत 'माइंडफुलनेस' किंवा 'सजगता' म्हणून जे छापून येतं, त्याचा उगम बराचसा इथे आहे.

हा इतिहास सांगायचं कारण असं, की ध्यानावरचं सगळ्यात भरवशाचं संशोधन या आठ आठवड्यांच्या ठरीव अभ्यासक्रमावर झालेलं आहे. त्याचे निष्कर्ष घेऊन कुणी आपल्या 'दिव्य ऊर्जा' शिबिराची जाहिरात करत असेल, तर ते निष्कर्ष त्याचे नाहीत.

डोळे मिटल्यावर नेमकं काय करायचं असतं?

समजा सकाळचे सहा वाजलेत. तुम्ही खुर्चीवर पाठ ताठ ठेवून बसलात. नाकपुडीच्या कडेला श्वास आत जाताना जरा गार लागतो, बाहेर येताना कोमट. एवढंच बघायचंय. चौथ्या-पाचव्या श्वासाला आठवतं, सिलिंडर बुक करायचा राहिला. त्यावरून मागच्या वेळी सिलिंडर वर आणून द्यायला पोराने मागितलेले जास्तीचे पन्नास रुपये. त्यावरून लिफ्ट बंद असल्याची तक्रार. त्यावरून सोसायटीच्या सेक्रेटरींचं ते मीटिंगमधलं बोलणं, आणि तेव्हा आपण गप्प बसलो, खरं तर चांगलं सुनवायला हवं होतं, ते कसं सुनवलं असतं याचं अख्खं भाषण. दोन मिनिटं तिथे भांडून झाल्यावर लक्षात येतं की आपण श्वासावर नाहीच.

नवशिके इथे म्हणतात, मला नाही जमत, माझं मन फार चंचल आहे. पण ध्यानाचा व्यायाम याच क्षणाला होतो. 'अरे, गेलो की' हे कळणं आणि स्वतःवर न वैतागता पुन्हा नाकपुडीशी येणं. वीस मिनिटांत हे पन्नास वेळा झालं तर पन्नास वेळा व्यायाम झाला. मन कोरं करायचं असतं, ही समजूत कुठून आली कोण जाणे. तिने जेवढ्या लोकांना ध्यानापासून पळवून लावलं असेल तेवढं गुडघेदुखीनेही नसेल.

मन भटकणं हा काही तुमचा एकट्याचा दोषही नाही. हार्वर्डच्या दोन मानसशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये २,२५० लोकांना त्यांच्या फोनवरून दिवसात अवेळी विचारलं: आत्ता काय करताय, आणि मन त्याच कामात आहे का? जवळपास ४७ टक्के वेळा मन दुसरीकडेच होतं. आणि ते दुसरीकडे असताना लोक सहसा कमी खूश होते.

शरीराचा याच्याशी काय संबंध?

सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक तरी गाडी अशी असते, जिच्यावर मांजराने उडी मारली तरी सायरन वाजतो. रात्रीचे दोन वाजलेले, सगळी बिल्डिंग जागी, चोर कुठेच नाही. आपल्या शरीरातही असा सायरन आहे. धोका दिसला की अ‍ॅड्रेनालिन आणि कॉर्टिसोल ही संप्रेरकं सुटतात, हृदय जोरात धडधडतं, रक्तदाब चढतो, यकृत साठवलेली साखर रक्तात सोडतं, पचन तात्पुरतं थांबतं. समोर साप असेल तर हे सगळं योग्यच आहे. पण साहेबांचा रात्री साडेनऊचा मेसेज, गृहकर्जाचा वाढलेला हप्ता, मुलाचे कमी पडलेले मार्क यावरही तो तसाच वाजतो. आणि घटना संपल्यावरही वाजत राहतो, कारण आपण ती मनात पुन्हा पुन्हा चालवतो.

ध्यानाने मांजरं कमी होत नाहीत. सायरन किती खुट्ट झाल्यावर वाजावा ही पट्टी थोडी वर सरकते आणि वाजलाच तर तो लवकर थांबतो, असा संशोधकांचा साधारण अंदाज आहे. हृदय, आतडी, रक्तवाहिन्या चालवणाऱ्या आपल्या मज्जाव्यवस्थेचे दोन भाग आहेत. एक गती वाढवतो, दुसरा ती उतरवतो. या दोघांवर आपला थेट ताबा नाही. हृदयाला 'हळू चल' म्हणून ते ऐकत नाही. श्वास मात्र आपोआपही चालतो आणि आपण चालवू तसाही चालतो, त्यामुळे आत शिरायची वाट तिथून मिळते. श्वास संथ झाला, विशेषतः बाहेर सोडताना लांबला, की गती उतरवणारा भाग पुढे सरसावतो.

याचा एक मजेशीर प्रयोग इटलीत झाला आणि २००१ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आला. २३ निरोगी माणसांना आधी लॅटिनमधली ख्रिस्ती जपमाळ म्हणायला लावली, मग 'ओम मणि पद्मे हुम्' हा मंत्र. एरवी आपण मिनिटाला बारा ते वीस श्वास घेतो. दोन्ही जपांत तो मिनिटाला सहाच्या आसपास आला. रक्तदाब वरखाली झाला की हृदयाची गती जुळवून घेणारी शरीराची यंत्रणाही त्या वेळी जास्त तत्पर झाली. तेव्हा पहाटे माळ ओढणाऱ्या आजीला शास्त्र ठाऊक नसलं तरी तिच्या श्वासाला ठाऊक होतं. फक्त, हा प्रयोग २३ जणांवरचा आणि त्या क्षणापुरता होता. जप करणाऱ्यांना पुढे हृदयविकार कमी झाला, असं त्यातून काढता येत नाही.

योग्यांच्या शरीरात डोकावण्याचं काम आपल्याकडे फार आधीच सुरू झालं होतं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम काढलं. योगक्रियांच्या वेळी शरीरात काय होतं ते एक्स-रे आणि दाबमापक लावून बघण्याचा त्यांचा खटाटोप होता आणि निष्कर्ष छापायला त्यांनी 'योग मीमांसा' हे नियतकालिकही चालवलं. दिल्लीच्या एम्समध्ये १९६१ च्या सुमारास योग्यांच्या मेंदूच्या लहरी मोजल्या गेल्या. अमेरिकेत ही लाट आली ती १९७० नंतर. हे सगळं पायाभूत खरं, पण त्यातून 'ध्यान करताना काय होतं' एवढं कळलं. आजार बरा होतो का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याला वेगळ्या प्रकारचे प्रयोग लागतात.

'मला फरक पडला ना!' हा पुरावा का नाही?

फरक पडला असेलच. प्रश्न आहे तो कशाने पडला याचा.

माणूस शिबिराला कधी जातो? त्रास शिगेला पोचल्यावर. शिगेला पोचलेला त्रास काहीही केलं नाही तरी थोडा उतरतो, कारण बहुतेक तक्रारी चढत-उतरत असतात. उतरताना तुम्ही जे करत असाल त्याला श्रेय मिळतं. शिवाय दहा दिवस मोबाइल काढून घेतला, रात्री साडेनऊला दिवे मालवले, वेळेवर साधं जेवण दिलं आणि ऑफिसने एकदाही फोन केला नाही, तर ध्यान न करताही निम्मा माणूस सुधारेल. सोबतचे लोक, शिकवणाऱ्याचं आपुलकीचं बोलणं, 'आता बरं वाटणार' ही अपेक्षा, या सगळ्याचा वाटा असतो.

म्हणून चांगल्या चाचणीत चिठ्ठ्या टाकून लोकांचे दोन गट करतात. एकाला ध्यान शिकवायचं. दुसऱ्याला नुसतं घरी बसवायचं नाही. त्यालाही तितक्याच तासांचा वर्ग द्यायचा, तितकंच लक्ष द्यायचं, फक्त ध्यान सोडून दुसरं काही शिकवायचं. मग दोघांत किती फरक उरला ते बघायचं. ध्यानावरचे हजारो शोधनिबंध ही अट लावली की गळून पडतात.

किती गळतात? २०१४ मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या गटाने अठरा हजारांहून जास्त नोंदी चाळल्या. निकषात बसल्या फक्त ४७ चाचण्या, मिळून ३,५१५ माणसं. त्यातून निघालं ते असं: चिंता, नैराश्याची लक्षणं आणि दुखणं यांत ध्यानाने थोडा ते मध्यम फरक पडतो, आणि याला बऱ्यापैकी भक्कम पुरावा आहे. ताण आणि एकूण मानसिक स्वास्थ्य यांबद्दलचा पुरावा कच्चा. एकाग्रता, वजन, खाण्याच्या सवयी, व्यसन, झोप यांबाबत फायदा एक तर दिसला नाही किंवा ठरवण्याइतकी माहितीच नव्हती. आणि व्यायाम, औषधं किंवा मानसोपचार यांच्यापेक्षा ध्यान सरस आहे, असं कुठेच दिसलं नाही.

'थोडा ते मध्यम' ऐकून नाक मुरडू नका. नैराश्याच्या लक्षणांतला हा फरक साधारण डॉक्टरकडे येणाऱ्या रुग्णांमध्ये नैराश्यावरच्या गोळ्यांनी पडतो तेवढाच आहे, असं त्याच संशोधकांनी लिहिलंय. पण शेवटचं वाक्यही विसरू नका. जो रोज तासभर भरभर चालतो, त्याने ध्यान करत नाही म्हणून अपराधी वाटून घ्यायचं कारण नाही.

चिंतेच्या गोळीशी थेट सामना

२०२२ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेली एक चाचणी या विषयात मला सर्वांत बोलकी वाटते. चिंतेचा आजार असलेले २७६ प्रौढ, अमेरिकेतल्या तीन मोठ्या शहरांतले. निम्म्यांना एसिटालोप्राम ही गोळी दिली. आपल्याकडेही मानसोपचारतज्ज्ञ ती सर्रास लिहितात. उरलेल्या निम्म्यांना आठ आठवड्यांचा सजगतेचा वर्ग दिला. तपासणाऱ्यांना कोण कुठल्या गटात आहे ते माहीत नव्हतं. आजाराची तीव्रता एका ठरीव पट्टीवर मोजली. आठ आठवड्यांनी गोळीवाल्यांची तीव्रता सरासरी १.४३ गुणांनी उतरली होती, ध्यानवाल्यांची १.३५ ने. संख्याशास्त्राच्या हिशेबाने ध्यान गोळीपेक्षा कमी ठरलं नाही. उपचाराशी जोडलेला एक तरी त्रास सांगणारे गोळीच्या गटात सुमारे ७९ टक्के होते, ध्यानाच्या गटात सुमारे १५.

मग चिंतेची गोळी टाकून द्यायची? थांबा. या लोकांना प्रशिक्षित शिक्षकाकडे दर आठवड्याला अडीच तास बसवलं होतं आणि घरी रोज पाऊण तास करायला सांगितलं होतं. अ‍ॅप लावून दहा मिनिटं, मध्येच कुकरच्या शिट्या मोजत, याची ती चाचणी नव्हती. दुसरं म्हणजे ही माणसं दोन्हींपैकी काहीही चालेल म्हणून स्वखुशीने आली होती. तिसरं, आधीपासून गोळी चालू असलेल्याने ती एकदम बंद केली तर चक्कर, बेचैनी, झोपमोड असे त्रास होतात. ती डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळूच उतरवावी लागते. या चाचणीतून एवढंच निघतं, की चिंतेचा आजार नव्याने कळला आणि गोळीची धास्ती वाटते, तर नीट शिकवलेलं, नेटाने केलेलं ध्यान हा डॉक्टरांशी बोलण्यासारखा खरा पर्याय आहे. हे थोडं नाही.

नैराश्यात ध्यानाची जागा जरा निराळी आहे. ज्यांना नैराश्य पुन्हा पुन्हा येतं, त्यांच्यासाठी ध्यान आणि विचारांवर काम करणारा मानसोपचार यांचं मिश्रण असलेला अभ्यासक्रम आहे. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यव्यवस्थेच्या मार्गदर्शक सूचनांत तो २००४ पासून आहे. २०१६ मध्ये नऊ चाचण्यांतल्या १,२५८ जणांची माहिती एकत्र केली. साठ आठवड्यांत हा अभ्यासक्रम केलेल्यांपैकी ३८ टक्क्यांना नैराश्य परत आलं, न केलेल्यांपैकी ४९ टक्क्यांना. लक्षात घ्या, ही माणसं बरी झाल्यावर शिकायला बसली होती. जो आत्ता नैराश्याच्या तळाशी आहे, ज्याला अंथरुणातून उठवत नाही, त्याला 'जरा ध्यान कर, मन शांत होईल' असं सांगणं म्हणजे पाय मोडलेल्याला चालायला लावणं झालं. नातेवाईक हे प्रेमानेच सांगतात, आणि नेमका त्यानेच उशीर होतो.

कंबर दुखायची थांबते का?

थांबत नाही बहुधा. पण दुखणं आणि दुखण्याने होणारी फरफट या दोन गोष्टी आहेत. जुनाट कंबरदुखीच्या ३४२ जणांवरच्या २०१६ च्या अमेरिकी चाचणीत सहा महिन्यांनी कामकाजात जाणवण्याजोगी सुधारणा झालेले लोक ध्यानाच्या गटात सुमारे ६१ टक्के होते, मानसोपचाराच्या गटात ५८, आणि नेहमीच्या उपचारांवर ठेवलेल्यांत ४४. उठबस, जिना, बाजार हे सगळं पुन्हा जमायला लागलं, असा त्याचा अर्थ. 'आई गं, हे आता कायमचंच' हा दुखण्याच्या पाठोपाठ येणारा विचार ध्यानात सुटा दिसायला लागतो, आणि त्याचं ओझं उतरतं.

बीपी आणि शुगर

चिंता, नैराश्य, दुखणं या तिन्हींत माणूस स्वतः सांगू शकतो, बरं आहे की नाही. बीपीचं तसं नाही. बीपी दुखत नाही.

समजा रोज ध्यान करणारे, अगदी शांत झालेले एक काका आहेत. चिडचिड कमी झाली, घरच्यांनाही जाणवलं. त्यांना वाटतं बीपी उतरलंच असणार, म्हणून ते गोळी सोडतात. दोन महिन्यांनी पट्टा लावला तर १६२/९८. मन शांत होतं, यात खोटं काही नाही. रक्तवाहिन्या वयाने आणि मिठाने ताठ झालेल्या, त्यांना मनाची खबर नव्हती. पक्षाघात याच वाटेने येतो.

अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०१७ मध्ये ध्यान आणि हृदयविकार यांवरचं सगळं संशोधन तपासलं. ध्यानाने धोका कमी होण्याची शक्यता दिसते, पण अभ्यास तोकडे आहेत. तेव्हा औषधं, आहार, व्यायाम, तंबाखू सोडणं या ठरलेल्या उपायांना जोड म्हणून ध्यान करायला हरकत नाही, असं त्यांनी म्हटलं. यातला 'जोड' हा शब्द अधोरेखित करा. रक्तदाब उतरतो तो सहसा थोड्या अंकांनी. १३४ चा १३० झाला तर चांगलंच, १७० चा १३० होत नाही. ध्यानासोबत वजन उतरलं, मीठ कमी झालं, झोप सुधारली आणि घरच्या यंत्रावर महिनाभर आकडे खाली दिसले, तर ती वही डॉक्टरांना दाखवा. डोस कमी करायचा तो त्यांनी. असे डोस कमी होतातही.

मधुमेहात ध्यान इन्सुलिन तयार करत नाही. ताणात गोड खाणाऱ्याचा हात आखडला, गोळ्या वेळेवर घ्यायची शिस्त आली, तर आडवाटेने फायदा होतो, बस. थायरॉइड ग्रंथी संप्रेरक कमी बनवत असेल तर ते गोळीतूनच द्यावं लागतं, तिथे ध्यानाचा संबंध नाही. कर्करोगात ध्यानाने भीती, अस्वस्थता हलकी होऊ शकते; गाठ विरघळत नाही, आणि ती विरघळते म्हणून केमो सोडायला लावणारा माणूस गुन्हेगार आहे.

झोपेचं चित्र २०१४ नंतर थोडं बदललंय. झोपेची तक्रार असलेल्या ४९ वयस्कांवर लॉस एंजेलिसमध्ये चाचणी झाली. झोपेच्या सवयींचे नुसते धडे मिळालेल्यांपेक्षा ध्यान शिकलेल्यांची झोप जास्त सुधारली. चाचणी छोटी आहे. तरी रात्री अडीचला छताकडे बघत पडलेल्याने करून पाहायला काहीच हरकत नाही.

मेंदूचा आकार बदलतो म्हणे?

हे वाक्य तुम्ही नक्की वाचलं असेल. त्याच्या मुळाशी बोस्टनमधला २०११ चा एक गाजलेला अभ्यास आहे: आठ आठवड्यांच्या ध्यानानंतर मेंदूच्या स्मरणाशी संबंधित भागात पेशींचा थर घट्ट झालेला दिसला. ध्यान करणारे लोक होते १६. बातमी जगभर गेली. २०२२ मध्ये विस्कॉन्सिनच्या गटाने, ज्यात ध्यानाचे खंदे समर्थक रिचर्ड डेव्हिडसन स्वतः होते, दोनशेहून जास्त माणसं घेऊन तोच अभ्यासक्रम काटेकोर तुलना ठेवून तपासला. मेंदूच्या रचनेत फरक सापडला नाही. ही बातमी तितकी फिरली नाही, आणि व्याख्यानांत अजूनही पहिलीच सांगतात. आठ आठवड्यांत मेंदू फुगत नसेल तर नसो. सायकल शिकल्यानेही स्कॅनमध्ये काही दिसेलच असं नाही, तरी सायकल चालवता येते.

निदान तोटा तर नाही ना?

बहुतेकांना नाही. पण 'ध्यानाचा कधीच त्रास होत नाही' हे खरं नाही. २०२० मधल्या एका आढाव्यात ८३ अभ्यासांतली माहिती एकत्र केली, तर साधारण शंभरातल्या आठ जणांना काही ना काही त्रास झालेला निघाला, बहुतांशी चिंता वाढणं किंवा उदास वाटणं. इतर मानसोपचारांतही साधारण असंच प्रमाण सांगितलं जातं. शांत बसल्यावर दाबून ठेवलेलं काहीतरी वर येतं, हे जुने साधकही सांगतात. ज्याने आघात सोसलाय, ज्याला भ्रम होण्याचा आजार किंवा बायपोलर आजार आहे, त्याने दहा दिवसांच्या मौनात स्वतःहून उडी घेऊ नये. विपश्यना केंद्रांच्या अर्जात मानसिक आजाराबद्दल विचारलेलं असतं ते याचसाठी. तिथे खरं लिहायचं. प्रवेश मिळावा म्हणून ती ओळ कोरी सोडणारे लोक असतात.

आणि मुलं? आपल्याकडे अनेक शाळांत आनापान शिकवतात. ब्रिटनमध्ये आठ हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर सजगतेच्या तासांची मोठी चाचणी झाली, २०२२ मध्ये निकाल आला. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा मानसिक आरोग्यात काहीच जास्तीचा फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. पद्धत वेगळी असल्याने तो निकाल आनापानाला जसाच्या तसा लागू होत नाही. पण सगळ्या वर्गाला सक्तीने डोळे मिटायला लावलं की सगळ्यांचं भलं होतं, हे गृहीत धरणाऱ्यांनी तो वाचावा.

बरं, मग किती आणि कसं?

चाचण्यांतला पाऊण तास नोकरी-घर सांभाळणाऱ्याला परवडत नाही, हे कबूल. कमी वेळाचा पुरावा कमी भक्कम आहे, एवढं लक्षात ठेवून पंधरा मिनिटांपासून सुरुवात करा. दात घासल्यावर आणि फोन हातात घ्यायच्या आधी, ही वेळ बऱ्याच जणांना टिकते. फोन आधी घेतला की सकाळ गेली. मांडी घालून बसायलाच हवं असं नाही. गुडघे कुरकुरत असतील तर सरळ खुर्ची घ्या, तळवे जमिनीला टेकवा. डोळे मिटून घाबरायला होत असेल तर उघडे ठेवून समोर फरशीवर नजर टेकवा. छाती भरून आली, गुदमरल्यासारखं वाटलं, तर श्वासावरून लक्ष काढून तळव्यांवर आणा, आणि उठावंसं वाटलं तर उठा. सहन करून दाखवायची ती स्पर्धा नाही.

एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट करायला जाऊ नका. आठ आठवड्यांनी काय बघायचं तेही आधीच ठरवा: झोप लागायला किती वेळ लागतो, मुलांवर किती वेळा ओरडलो, कंबरेमुळे कोणती कामं अडली. 'किती शांत वाटलं' हे मोजू नका, ते रोज बदलतं.

शिकवणारा मिळाला तर उत्तम. इगतपुरीसारख्या विपश्यना केंद्रांत शिबिराची फी नसते, ती देणग्यांवर चालतात. बाकी ठिकाणी पैसे द्यायला हरकत नाही, पण हजारो रुपयांच्या 'अ‍ॅडव्हान्स लेव्हल'ची घाई करणाऱ्याकडे जरा सावध. आणि आठ आठवडे नेटाने करूनही अंधार तसाच असेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर त्या दिवशी ध्यानाला बसण्याऐवजी १४४१६ लावा. केंद्र सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा आहे, दिवसरात्र चालू असते आणि मराठीतही बोलता येतं.